तळे राखी तो...

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ धर्मग्रामाच्या कार्यालयात आम्हांला भेटावयास आले. साठीच्या घरातील, वाडीत हयात घालविलेले, रविवारची मिस्सा सहसा न चुकविणारे. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ते मूळ मुद्द्यावर आले. "फादर, विहीर माझी, जागा माझी, पंपाचं बिल मी भरतो. केळी लावून खर्चसुद्धा निघत नाही. टँकरवाला रोख पैसे देतो. पाणी जातं ते बिल्डिंगमधल्या माणसांनाच जातं ना? तीही तहानलेली आहेत. शेजारी म्हणतो, तू पाप करतोस. मला सांगा, पाप कुठे आहे?"

आम्ही त्यांना लगेच उत्तर दिले नाही. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना चोरी, व्याज, मजुरी, नुकसानभरपाई यांवर आम्ही पुष्कळ पाने लिहिली; जमिनीखालून वाहणारे पाणी कोणाचे, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. त्या गृहस्थांच्या संमतीने, त्यांची ओळख पटणार नाही अशा बेताने, तो येथे मांडीत आहोत.

शेजाऱ्याची तक्रार बावखलाविषयी होती. वसईच्या वाचकांना बावखल म्हणजे काय हे खरे तर सांगावयास नको. परंतु तरुण पिढीतील कित्येकांनी ते मातीचा भराव पडल्यावरच पाहिले असेल, म्हणून सांगतो. पावसाचे पाणी धरून ठेवणारे, भोवतालच्या विहिरींना पाझर पुरविणारे आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत शिरू न देणारे गोड्या पाण्याचे हे तळे. आमच्या लहानपणी एकेका बावखलावर चार-चार घरांची पाळी असे. कोणी किती उपसावे हे कोठे लिहिलेले नव्हते. पण चैत्र-वैशाखात एखाद्याने पाळीपेक्षा जास्त वेळ पाणी ओढले की, दुसऱ्या घरची म्हातारी पदर खोचून बांधावर येऊन उभी राही आणि तेवढे पुरत असे. आता या गृहस्थांच्या बोअरमधून दिवसाला अनेक टँकर भरले जातात. बावखल मार्चमध्येच तळ दाखविते आणि शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी मचूळ होऊ लागले आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर जमीन एकाची. पण पाणी त्या उताऱ्याच्या रेषा ओळखीत नाही.

'तळे राखी तो पाणी चाखी' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती आपण बहुधा लाचखाऊ कारकुनाविषयी वापरतो. पण तिच्यात एक जुना न्यायही दडलेला आहे: जो राखतो त्याचा पाण्यावर पहिला हक्क. मग जो राखीत नाही, दूरच्या गावी राहतो आणि केवळ तहानलेला आहे, त्याचा हक्क कितवा?

हा प्रश्न जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर जेथे लढविला गेला, तेथे क्षणभर जाऊन येऊ. आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांची मुले आज कॅनडात व अमेरिकेत आहेत. टोरांटोहून किंवा शिकागोहून ती आईवडिलांना छायाचित्रे पाठवितात आणि त्यांत पाठीमागे क्षितिजापर्यंत पाणी पसरलेले दिसते. तो समुद्र नव्हे, ते गोडे तळे आहे. सुपीरियर, मिशिगन, ह्यूरॉन, ईरी आणि ऑन्टारिओ अशी ही पाच महासरोवरे. बर्फ वगळले, तर पृथ्वीच्या पृष्ठभागावर जेवढे गोडे पाणी आहे, त्याचा सुमारे एकपंचमांश भाग या पाचांत साठलेला आहे. आठ अमेरिकन राज्ये आणि कॅनडाचे दोन प्रांत त्यांच्याभोवती वसलेले असून कोट्यवधी माणसे ते पाणी पितात.

एवढे पाणी असता चार घागरी कोणी नेल्या तर काय बिघडले? आम्हांलाही प्रथम तसेच वाटले. पण ही सरोवरे हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या हिमनद्यांनी मागे ठेवलेली ठेव आहे. पाऊस, बर्फ आणि नद्या यांतून दरवर्षी जे नवे पाणी मिळते, ते एकूण साठ्याच्या शेकडा एक इतकेच. व्याज शेकडा एक आणि मुद्दल पूर्वजांचे! पतपेढीत पैसा ठेवणाऱ्या आपल्या लोकांना यापुढे अधिक समजावयास नको.

त्या मुद्दलाला पहिला मोठा हात घातला तो काठावरच्याच शहराने. शिकागोचे सांडपाणी नदीतून मिशिगन सरोवरात जाई आणि पिण्याचे पाणीही त्याच सरोवरातून येई, रोगराई ठरलेलीच. तेव्हा १९०० साली एक कालवा खोदून त्या शहराने आपल्या नदीचा प्रवाहच उलटा फिरविला. सरोवराचे पाणी शहराची घाण घेऊन मिसिसिपीच्या खोऱ्याकडे वाहू लागले. खालच्या अंगाला असलेल्या मिझुरी राज्याने न्यायालयात दाद मागितली, पण १९०६ साली ते हरले. पुढे सरोवराकाठच्या इतर राज्यांनीही खटले भरले आणि अखेर १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घातली: सेकंदाला ३,२०० घनफूट. मुंबईला रोज जेवढे पाणी मिळते, त्याच्या सुमारे दुप्पट. बाहेरच्या लोकांपासून तळे राखण्याच्या गोष्टी करताना, पहिली फट घरच्याच माणसाने पाडली होती, हे लक्षात ठेवलेले बरे.

मग १९९८ साली एक चमत्कारिक घटना घडली. सुपीरियर सरोवरातून वर्षाला ६० कोटी लिटरपर्यंत पाणी जहाजांत भरून आशिया खंडात विकण्याचा परवाना ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने एका लहानशा कंपनीला दिला. आशिया म्हणजे आपणच की! सरोवराच्या दोन्ही काठांवर असा गदारोळ उठला की परवाना मागे घ्यावा लागला. ६० कोटी लिटर हे त्या सरोवराच्या मानाने काहीच नव्हते. लोक घाबरले ते आकड्याला नव्हे. आज एका जहाजाला होकार दिला, तर उद्या दुसऱ्याला नकार कोणत्या तोंडाने द्यायचा, ही त्यांची भीती होती. पाणी एकदा विक्रीचा माल ठरले की गिऱ्हाइकांत निवड करता येत नाही. आमच्या त्या गृहस्थांच्या दारातही पहिल्या वर्षी एकच टँकर येत असे.

या धास्तीतून पुढे करार झाला. आठ राज्यांचे गव्हर्नर आणि ऑन्टारिओ व क्वेबेक या प्रांतांचे प्रमुख यांनी २००५ च्या डिसेंबरमध्ये तो मान्य केला. आठ राज्यांपुरता तो २००८ साली अमेरिकेत कायदा म्हणून अमलात आला. त्याचे सार असे, की सरोवरांच्या पाणलोट क्षेत्राबाहेर पाणी न्यावयाचे नाही. पाणलोटाची रेषा म्हणजे काय हे सह्याद्रीच्या माथ्यावर उभे राहिलेल्या माणसाला चटकन कळते: अलीकडे पडलेला थेंब अरबी समुद्राला मिळतो, पलीकडे पडलेला बंगालच्या उपसागराला. तिकडे मात्र डोंगर नाही. सपाट प्रदेशात, रस्त्यांमधून, घरांच्या परसांतून ती रेषा जाते आणि कोणाला दिसतही नाही.

अशा न दिसणाऱ्या रेषेच्या जरा पलीकडे वॉकेशा नावाचे विस्कॉन्सिन राज्यातील शहर आहे. वस्ती सुमारे सत्तर हजार. मिशिगन सरोवर तेथून तीसेक किलोमीटरच्याही आत. त्यांच्या खोल विहिरींच्या पाण्यात रेडियम हे किरणोत्सर्गी द्रव्य निसर्गतःच आढळते आणि ते मर्यादेबाहेर गेले होते. त्यांनी सरोवराचे पाणी मागितले. करारात एक अपवाद होता: ज्या जिल्ह्यातून ती रेषा जाते, त्या जिल्ह्यातील गावाला मागणी करता येईल, पण आठही गव्हर्नरांची संमती हवी. एकाने मान हलविली तरी नकार.

काय करावे? आपण स्वतःला त्या आठांपैकी एकाच्या जागी बसवून पाहावे, असे आम्हांला वाटते. समोर आईबाप आहेत, मुलांना किरणोत्सर्गी पाणी पाजायचे नाही म्हणतात. मागे चार कोटींच्या आसपास माणसे आहेत, एकदा दार उघडले की बंद होणार नाही म्हणतात. दोघांचेही खरे. वर्षानुवर्षे छाननी चालली. शहराने काटकसर केली आहे काय, दुसरा कोणताच मार्ग उरलेला नाही काय, हे तपासले गेले. पाणी देण्याचा विस्तार आजूबाजूच्या, गरज सिद्ध न झालेल्या वस्त्यांपर्यंत करण्याचा बेत होता. तो छाटला गेला. अखेर २१ जून २०१६ रोजी आठही राज्यांनी होकार दिला: दिवसाला सरासरी सुमारे ३ कोटी १० लाख लिटर. मागितले होते त्याहून कमी. आणि अट अशी की वापरून झालेले पाणी शुद्ध करून रूट नदीच्या वाटेने पुन्हा सरोवरात सोडावयाचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये वॉकेशाच्या नळांना सरोवराचे पाणी आले.

या परत करण्याच्या अटीने आम्हांला विचारात पाडले. 'आमचे पाणी आम्ही देणार नाही' हे एक बोलणे झाले. 'घ्या, पण तळ्याला परत द्या; आणि आपल्या घरचे आधी सांभाळून मग मागा' हे वेगळेच बोलणे आहे. पहिल्यात मालकाचा आवाज आहे, दुसऱ्यात राखणदाराचा.

अर्थात त्या कराराला संतपद देण्याचे कारण नाही. २१ लिटरांहून थोड्या मोठ्या भांड्यातून पाणी बाहेर नेले तर तो त्या करारानुसार प्रवाह वळविण्याचा प्रकार ठरतो. त्याहून लहान बाटल्यांतून नेले, तर नियम काय करावा हे ज्या त्या राज्यावर सोडले आहे. आपल्याकडे घरोघरी येणारा वीस लिटरचा जार त्या फटीतून अलगद निसटून जाईल. शिवाय तळे राखल्याने काठावरच्या सर्वांना पाणी मिळतेच असेही नाही. मिशिगन राज्यातील फ्लिंट शहर ह्यूरॉन सरोवराचे पाणी पीत असे. २०१४ साली खर्च वाचविण्यासाठी ते बंद करून शहराला नदीचे पाणी देण्यात आले. ते जुन्या नळांतील शिसे सोडवून घराघरांत घेऊन आले आणि मुलांच्या रक्तात शिसे सापडले. जगातील गोड्या पाण्याच्या सर्वांत मोठ्या कोठारांपैकी एकापाशी ही तऱ्हा! आणि या सरोवरांकाठी सर्वांत आधीपासून राहणारे जे आदिवासी, त्यांची त्या करारावर सहीच नाही. अनिशिनाबे लोकांत पाण्याची काळजी वाहणे हे स्त्रियांचे काम मानतात. त्यांच्यातील जोसेफिन मँडामिन या आजींनी २००३ साली तांब्याच्या भांड्यात पाणी घेऊन सुपीरियर सरोवराला पायी प्रदक्षिणा घातली, आणि पुढे इतर सरोवरांनाही. २०१९ साली त्या वारल्या.

आता पवित्र शास्त्राकडे वळतो. मत्तयलिखित शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय आपण सर्वांनी शेकडो वेळा ऐकला आहे. अखेरच्या न्यायाचा प्रसंग त्यात आहे. तहानलेल्याला पाणी पाजले की नाही, याच कसोटीवर माणसे उजवीकडे किंवा डावीकडे जातात. टँकरवाल्या गृहस्थांच्या बाजूने याहून मोठा साक्षीदार कोण? पण त्याच अध्यायाच्या आरंभी दहा कुमारींचा दाखला आहे. मूर्ख कुमारी तेल मागतात आणि शहाण्या चक्क नकार देतात: आम्हांलाही पुरणार नाही आणि तुम्हांलाही. प्रभू त्यांना दोष देत नाही. एकाच अध्यायात, काही ओव्यांच्या अंतराने, देण्याची आज्ञा आहे आणि न देण्याचे शहाणपणही. आम्ही कित्येक वर्षे या दोन्ही उताऱ्यांवर वेगवेगळ्या रविवारी प्रवचने केली. ते एकमेकांशी भांडत आहेत की काय, हे त्या गृहस्थांनी प्रश्न विचारीपर्यंत ध्यानी आले नव्हते.

आमच्या अल्पमतीला जे उमगले ते असे. तेल मागणाऱ्या कुमारींकडे वेळ होता, दुकानही उघडे होते. त्यांची गरज निष्काळजीपणातून आलेली होती. न्यायाच्या प्रसंगातील तहानलेल्याची तहान तशी नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी शिकविले आहे की जीवन-मरणाच्या गरजेत वस्तूंवरची मालकी मागे सरते आणि त्या सामाईक होतात. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हेच तत्त्व सर्व सृष्ट वस्तूंना लावले, आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिण्यायोग्य पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे निक्षून सांगितले. तेव्हा तहानेला नकार नाही. पण स्वतःचे तळे बुजवून, त्यावर इमले बांधून, मग शेजाऱ्याच्या तळ्यावर पाइप घेऊन येणाऱ्याची तहान आणि रेडियमने भयभीत झालेल्या आईची तहान एकाच मापाने मोजता येत नाहीत. देणाऱ्याने मागणाऱ्याला प्रश्न विचारणे म्हणजे कठोरपणाच असे नव्हे.

येथे एक धोका आहे आणि महाराष्ट्रात राहणाऱ्याने तो विसरता कामा नये. 'हे तळे आमचे, बाहेरच्यांनी शिवायचे नाही' हे वाक्य आपल्या मातीत फार वाईट अर्थाने उच्चारले गेले आहे. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ साली सर्वांसाठी खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी त्या तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि नंतर शेण-गोमूत्राने तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. ज्यांना बाहेरचे म्हटले ते त्याच मुलखातले होते. पाणी कमी पडत होते असेही नाही. गुराढोरांना तेथे मज्जाव नव्हता. आपल्या गावांतील विहिरींवरही कोणाला पोहरा टाकता येत असे आणि कोणाला ओंजळीत वरून पाणी घ्यावे लागे, हे घरातील वडीलधाऱ्यांना अवश्य विचारावे. म्हणून तळे राखताना आम्ही पाण्याला राखीत आहोत की आपल्या मोठेपणाला, हे तपासावे लागते. इसहाकाने खणलेल्या विहिरींवर गरारच्या गुराख्यांनी हक्क सांगितला, तेव्हा त्याने भांडण झालेल्या दोन विहिरी सोडल्या आणि तिसरी खणली. तिचे नाव त्याने ऐसपैस जागा या अर्थाचे ठेवले. आज तिसरी विहीर खणावयास जागा उरलेली नाही, ही आपली अडचण.

एवढे सारे जमवून आम्ही त्या गृहस्थांना बोलावून घेतले. बिल्डिंगमधील माणसांची तहान खरी असली, तरी तुमचे पाणी बावखलाला कधीच परत येत नाही, गटारातून खाडीला जाते. आणि तुम्ही विकता त्यात शेजाऱ्याच्या वाट्याचेही असते, असे आम्ही त्यांना सांगितले. शेजाऱ्याचे जे आहे ते विकण्याला नीतिशास्त्रात जे नाव आहे, तेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "बरोबर आहे फादर. पण चर्चच्या नळाला पाणी कुठून येतं?"

सूर्येचे येते. सूर्या ही वैतरणेची उपनदी. तिच्यावर धामणी येथे धरण बांधले, तेव्हा डहाणू, विक्रमगड, पालघर या भागांतील आदिवासी शेतकऱ्यांच्या शेतीला पाणी मिळेल असे सांगितले गेले होते. पुढे ते पाणी शहरांकडे वळले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची एकच योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची आहे: वसई-विरारला १८५, मीरा-भाईंदरला २१८. तेथील आदिवासींनी विरोध केला, मोर्चे काढले. आम्ही त्यांच्या बातम्या वाचल्या आणि पान उलटले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईसाठी आपला समाज रस्त्यावर उतरला होता, आपल्या विहिरींचे पाणी आपल्या डोळ्यांदेखत जात होते तेव्हा. त्या लढ्याचा आम्हांला अभिमान आहे आणि तो राहीलच. पण धामणीच्या बाजूने पाहिले तर बाहेरचे लोक आपण आहोत. वॉकेशाला जे प्रश्न विचारले गेले, ते आपल्याला कोणी विचारले नाहीत. विचारले असते तर? दरसाल दोन मीटरच्या आसपास पाऊस ज्या भूमीवर पडतो, तिने आपली बावखले भरावाखाली का घातली? छपरांचे पाणी कोठे सोडले? आणि सूर्येला परत काय दिले?

गेल्या पास्खा जागरणविधीत नेहमीप्रमाणे पाण्याला आशीर्वाद दिला. मोठे पातेले नळावर भरून आणले होते. त्याच पाण्याने दोन बालकांचा स्नानसंस्कार झाला, आणि मिस्सा संपल्यावर लोकांनी बाटल्या भरून घरी नेल्या. त्यांत ते गृहस्थही होते. हे पाणी कोणाच्या शेताच्या वाट्याचे, हा विचार त्या रात्री आमच्या मनाला शिवला नव्हता.

धर्मग्राम समितीपुढे आम्ही दोन गोष्टी ठेवल्या आहेत: चर्चच्या छपराचे पाणी विहिरीत सोडणे, आणि चर्चच्या जागेतील अर्धवट भरलेले बावखल पुन्हा उपसणे. खर्चाचा आकडा ऐकून काही जणांनी भुवया उंचावल्या. एकाने तर त्या जागेवर वाहनतळ अधिक उपयोगी पडेल असेही सुचविले. पुढील बैठक आगोटीपूर्वी ठेवली आहे. त्या गृहस्थांनी वैशाखभर पंप बंद ठेवल्याचे कळते. पावसाळ्यानंतरचे त्यांनी अजून काही सांगितलेले नाही. बैठकीला ते येणार आहेत. त्यांच्या शेजाऱ्यालाही आम्ही निरोप धाडला आहे.